तिसऱ्या भागाचं अकरावं रीळ

गिरधर केबलवाल्याला दर दोन महिन्यांनी काहीतरी सुचतं आणि ते निस्तरायला मी असतो. दसऱ्याच्या सुमारास त्याने शनवाऱ्यातल्या बायकांची भुलाबाईची गाणी लोकल चॅनेलवर दाखवली. कोण पुढे उभी आणि कोण मागे, यावरून दोन घरांत अजून बोलणं बंद आहे. या डिसेंबरात त्याला भुतं सुचली.

'कुंडी मत खोलना' या पिक्चरचे एकूण सहा भाग. बुऱ्हाणपुरात त्याचं नाव ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. एक पडकी कोठी, तिच्या मागच्या खोलीला लोखंडी कुंडी म्हणजे कडी, आणि प्रत्येक भागात कुणीतरी शहाणा ती उघडतोच. गिरधरने इंदूरहून सहाही भागांच्या सीडी आणल्या आणि टीव्हीच्या खालच्या पट्टीत जाहिरात फिरवली: फोन करा, सहांतला एक नंबर कुठला आणि सगळ्यांत टुकार कुठला ते सांगा. टुकारपासून सुरुवात करून रोज दुपारी बाराला एक भाग, आणि एक नंबरचा रविवारी.

"फोन उचलाले तुम्ही आहेच ना, काका," तो म्हणाला.

मी आहेच. सत्तावीस वर्षं मी टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. दोन वर्षांपूर्वी टॉकीज बंद पडली, तिथे आता लग्नं लागतात. गिरधर त्याच टॉकीजच्या पुढच्या बाकांवर लहानाचा मोठा झाला, म्हणून त्याने मला बोलावून कंट्रोल रूममध्ये बसवलं. कंट्रोल रूम म्हणजे राजपुऱ्यातल्या त्याच्या घराच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. दोन प्लेअर, एक टीव्ही, एक फोन आणि वायरींचा गुंता. "ऑपरेटरचंच काम आहे," असं तो म्हणतो. त्यात ऑपरेटरचं काही नाही. सीडी घालायची, बटण दाबायचं. माकडही करील. पण माझी तक्रार नाही. माझी कशाबद्दलच तक्रार नसते, हीच लोकांची माझ्याबद्दल तक्रार आहे.

आठवडाभर फोन घेतले आणि वहीत रेघा मारल्या. भुताच्या पिक्चरबद्दल लोकांना फार मतं असतात. ज्याने पिक्चरभर डोळे मिटून घेतले होते त्याचं मत सगळ्यांत ठाम. लालबागेतल्या एका मास्तरांनी पहिल्या भागाची बाजू घेतली. पहिल्यात भूत दिसतच नाही, नुसती कुंडी हलते, आणि खरी भीती तीच, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांसारखे अजून दोघेच निघाले. जैनाबादच्या एका बाईंना चौथा आवडला, कारण त्यातली गाणी चांगली. पाचवा टुकार, यावर मात्र सगळं गाव एक. त्यात कोठीच नाही. कथा जंगलात नेली आहे आणि कुंडी लावली आहे झाडाला. "झाडाले कुंडी कोन लावते?" असं एका म्हातारीने मला दरडावून विचारलं, जशी काही मीच लावली. सहावा टॉकीजला आलाच नाही. त्यात भुताच्या मनगटावर घड्याळ दिसतं म्हणतात.

माझं विचाराल तर ऑपरेटरची यादी वेगळी असते. आम्ही पिक्चर भिंतीतल्या वीतभर भोकातून बघतो, तोही तुकड्या-तुकड्याने. पहिल्या भागाची प्रिंट कोरी आली होती, म्हणून पहिला चांगला. चौथ्याच्या प्रिंटला जागोजागी जोड. दर शोला तुटायची, मग खालून शिट्ट्या आणि माझ्या आईबापांचा उद्धार. म्हणून माझ्या लेखी चौथा टुकार, गाणी कितीका चांगली असेनात.

एक नंबरचा वाद नव्हताच. तिसरा. आणि सगळ्यांचं कारण एकच. "वो सीन, काका. कामिनी वापस येते ना, तो."

प्रत्येक जण तो सीन मला पहिल्यापासून सांगायचा आणि मी ऐकून घ्यायचो. दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे हिरोची बायको कामिनी मरते. तिसऱ्यात हिरो एकटाच कोठीत परत येतो. भिंतीवर कामिनीचा फोटो, फोटोला हार, आणि हिरो त्याच्यासमोर रडतोय. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडून कामिनी बाहेर येते. घरच्या साडीत, अगदी साधी. चेहऱ्यावर ना रक्त ना पांढरं फासलेलं. म्हणते, "हाथ धो लीजिए, खाना ठंडा हो रहा है." त्याच्या हातावर पाणी घालते, ताट वाढते, शेजारी बसून पंख्याने वारा घालते. तो जेवतो. मग ती नाहीशी होते, आणि पुढे पिक्चरभर तिच्या येण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

"आठ साल झाले, काका," सिंधीपुऱ्यातला एक जण म्हणाला. "अजून बी बायको हात धुवा म्हणली का माझ्या अंगावर काटा येते."

मी तिसऱ्याच्या खात्यात त्याची रेघ मारली. तिसऱ्या भागात असा सीन नाही, हे मला माहीत होतं.

आता घरचं सांगतो, त्याशिवाय हे पुढे जाणार नाही.

माझी मुलगी निर्मला सतरा वर्षांची आहे. तिची आई, कोकिळा, गेली तेव्हा ती नऊची होती. तेव्हापासून ती डोईफोडियाला तिच्या आजीकडे, म्हणजे माझ्या सासूकडे वाढली. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. ती चहाचा कप माझ्यासमोर ठेवून आत निघून जायची. या जुलैत कॉलेजसाठी ती माझ्याकडे आली. पाच महिने आम्ही दोघं दोन खोल्यांत राहतो आहोत. ती स्वयंपाक करते, माझं ताट झाकून ठेवते आणि आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसते. बोलते ते कामापुरतं. गॅस संपला. पाणी आलं नाही. लहानपणी ती मला नाना म्हणायची. आता हाकच मारत नाही. मला बोलवायचं असलं की भांडं वाजवते.

मागच्या आठवड्यात तिने सांगितलं की कॉलेजात टी.सी.साठी अर्ज दिलाय. संक्रांत झाली की खंडव्याला मावशीकडे जाणार, पुढचं तिथूनच करणार. मी म्हणालो, "बरं." हा शब्द माझ्या तोंडून फार सहज निघतो आणि त्यानेच माझं वाटोळं केलं आहे. ती एकदा गेली की परत येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझं दुसरं कुणी नाही, हेही माहीत होतं. आणि मी भाजीतल्या खोबऱ्याचे तुकडे बाजूला काढत बसलो होतो.

तिचा राग कशाचा आहे ते डोईफोडियात कुणीही सांगेल. बायको सरकारी दवाखान्यात मरून पडली होती आणि हा माणूस भुताचा पिक्चर चालवत होता. हे खोटं नाही.

एक्क्याण्णवच्या सप्टेंबरात तिसरा भाग आमच्या टॉकीजला लागला. पेट्या भुसावळहून पॅसेंजरने यायच्या. मॅनेजरला हाव सुटली. तिसऱ्याचे रोज तीन शो, आणि शिवाय सकाळी दुसरा भाग, म्हणजे लोकांना मागची गोष्ट आठवेल. त्यामुळे केबिनमध्ये एकदम दोन पिक्चर आले. एक रीळ दहा-अकरा मिनिटांचं, एका पिक्चरची पंधरा रिळं. असे तीस चपटे गोल डबे, एकाच मापाचे, एकाच रंगाचे, वर खडूने नंबर. खडू हाताने पुसला जातो.

असे दोन पिक्चर एकत्र आले की आमच्याकडे एक पद्धत होती, आणि ती कोकिळेची होती. ती जुन्या लुगड्याचे काठ फाडून चिंध्या करायची आणि एकेका डब्याला बांधायची. एका पिक्चरच्या डब्यांना एक गाठ, दुसऱ्याच्या डब्यांना दोन. शुक्रवारी सकाळी केबिनमध्ये येऊन तासाभरात सगळं बांधून जायची. "तुमचं ध्यान त्या भोकात," ती म्हणायची. "अंधारात हाताले तरी कळलं पायजे." मॅनेजर हसायचा, पेटीला ओटीचा खण बांधलाय म्हणायचा. पण तिच्या गाठींमुळे माझ्या हातून कधी रीळ चुकलं नव्हतं.

त्या शुक्रवारी कोकिळा दवाखान्यात होती. कावीळ. आधी सगळे करतात तेच केलं, मुळ्यांची माळ गळ्यात घातली. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ पोटापर्यंत आली, कावीळ काही उतरली नाही. मग दवाखाना. त्यामुळे डब्यांना गाठी मारायला कुणी नव्हतं. मी मारू शकलो असतो. मला सुचलं नाही.

मंगळवारी दुपारी डॉक्टर म्हणाले, आज बरी दिसते. तिनेच मला हाकललं. "जा आता, शोची टायम झाली." सासूबाई, सोजरबाई, खाटेजवळ होत्या. निर्मला बाहेर दवाखान्याच्या पायरीवर चिंचोके खेळत होती. मी तीनच्या शोला गेलो.

इंटरव्हल होऊन दहावं रीळ चालू होतं तेव्हा उखर्डू वर आला. उखर्डू आमचा गेटकीपर, साठी उलटलेला. त्याला जिना चढवायचा नाही, म्हणून तो कधी वर यायचा नाही. दाराची चौकट धरून त्याने दम घेतला आणि म्हणाला, "गजानन, कोकिळा गेली रे. दवाखान्यातून माणूस आला."

मी म्हणालो, "बरं."

तो उभाच राहिला. मग म्हणाला, "जातो ना तू?"

"हाव. एवढं अकरावं लावतो."

लोकांना वाटतं मी तेव्हा काहीतरी ठरवलं. मी काही ठरवलं नाही. रडू आलं नाही, छातीत काही झालं नाही. फक्त कानांत दडे बसल्यासारखं झालं आणि मशीनचा आवाज लांबून यायला लागला. हात चालू होते. मी टेबलावरून अकरा नंबरचा डबा उचलला, रीळ दुसऱ्या मशीनवर चढवलं, फिल्म ओवली, दिव्याचे कार्बन जुळवले. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला मोटर सुरू करायची, दुसऱ्याला एका मशीनची झडप पाडून दुसरीची उघडायची. ती उघडली.

हिरो फोटोसमोर रडत होता, फोटोला हार होता, आणि दार उघडून कामिनी बाहेर आली.

खाली अख्खी टॉकीज किंचाळली. माझ्या तेव्हाच लक्षात आलं. डबा अकराचाच होता, पण दुसऱ्या भागाचा. सकाळच्या शोनंतर गुंडाळून तिथेच ठेवलेला. दुसऱ्या भागात त्या वेळी कामिनी जिवंत असते, नवरा बाहेरून येतो आणि ती त्याला जेवायला वाढते, एवढंच ते रीळ. असं चुकलं की काय करायचं ते ऑपरेटरला झोपेतही येतं. झडप पाडायची, दिवे लावायला घंटी द्यायची, रीळ बदलायचं. पाच मिनिटांचं काम. खालून शिव्या येतात, त्या खायच्या. माझा हात झडपेच्या दांडीवर होता.

कामिनी म्हणाली, "हाथ धो लीजिए, खाना ठंडा हो रहा है."

मी हात काढून घेतला.

वीस वर्षांत मी कुठलंही रीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं नव्हतं. ते बघितलं. ती पाणी घालत होती, वाढत होती, पंखा हलवत होती. दहा मिनिटं त्या घरात दुसरं काही घडत नाही. मग बारावं लावायची वेळ आली. दुसऱ्या भागाच्या बाराव्या रिळात कामिनीला मारतात. बारा नंबरचे दोन डबे माझ्यासमोर होते, आणि या वेळी मी दिव्याखाली धरून खडू नीट वाचला. तिसऱ्याचं लावलं. त्यात ती मरत नाही, त्यात ती नुसती नसते.

पुढे तेरावं, चौदावं, पंधरावं. मॅनेजर वर येऊन ओरडून गेला की अरे जा, शो बंद करू. मी मान हलवली आणि पुढचं रीळ ओवलं. शो संपला. रिळं डब्यांत भरली, डबे पेटीत रचले, हात धुतले. कार्बनची काजळी लवकर निघत नाही. सहा वाजून वीस मिनिटांनी दवाखान्यात पोचलो. निरोप येऊन दीड तास झाला होता. निर्मला पायरीवरच बसली होती. मला बघून उठली. मी तिला तिथेच सांगितलं, "तुझी आई गेली." सोजरबाईंनी दारातून माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. ते आजतागायत फिरवलेलंच आहे.

मंगळवारच्या लोकांनी सीन गावभर केला. बुधवारी टॉकीजला तोबा गर्दी. मशीनवर दुसऱ्या टॉकीजचा माणूस होता, त्याने रिळं बरोबर लावली आणि कामिनी काही आली नाही. लोकांनी मॅनेजरला धरलं. चूक कबूल करील तर तो मॅनेजर कसला! त्याने सांगितलं, सरकारने कापला. मग इतवाऱ्यात कुणीतरी उठवलं की ज्याच्या घरी कुणी गेलेलं आहे त्यालाच कामिनी दिसते. गावात कुणाच्या घरी कुणी गेलेलं नसतं? हळूहळू सगळ्यांनाच दिसली. तेरावं करून मी कामावर आलो तेव्हा हे सगळं माझ्या कानावर आलं. मी कुणाला खरं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

तर हा रविवार. बाराला पाच मिनिटं होती आणि गिरधर चहा घेऊन वर आला.

"गिरधर, पहिलाच एक नंबर कर," मी म्हणालो. "तिसऱ्यात काही नाही."

"काय मजाक करून राहिले, काका? तुमच्या हातानंच दाखवला ना तुम्ही. मी स्वतः होतो. मंगळवार, तीनचा शो, शाळा बुडवून. आमच्या मागचा एक माणूस चप्पल सोडून पळाला होता."

"बरं," मी म्हणालो आणि सीडी घातली.

दोनच्या सुमारास हिरो फोटोसमोर आला. रडला. मग एक वटवाघूळ उडालं, हिरोने कंदील उचलला आणि तो मागच्या खोलीकडे चालायला लागला. तिसऱ्या भागाचं खरं अकरावं रीळ एवढंच आहे. कंदील, वटवाघूळ आणि लांबलचक बोळ.

फोन वाजला. ठेवला की वाजायचा. "सीन कायले कापला?" "गिरधरले द्या फोन." अर्ध्या तासात जिन्यावर दहा-बारा जण जमले. गिरधर आधी म्हणाला सीडी नकली आहे, मग म्हणाला कंपनीने कापला. मग तावातावाने बसून त्याने टीव्हीच्या पट्टीत नवीन मजकूर फिरवला: ज्यांनी १९९१ मध्ये मंगळवारच्या तीनच्या शोला कामिनीचा सीन पाहिला त्यांनी ताबडतोब फोन करावा, कंपनीकडे तक्रार करायची आहे.

"काका, तुम्ही सांगा," एक जण म्हणाला. "होता का नाही सीन?"

"होता," मी म्हणालो.

"बघा!"

मी खोटं बोललो नाही. पण सीन नाही म्हटल्यावर तिसऱ्याची रयाच गेली. जिन्यातल्या जिन्यातच लोकांनी त्याला एक नंबरवरून काढून पाचव्याच्या खाली टाकला. "पाचव्यात झाडाले का होईना, कुंडी तरी आहे," कुणीतरी म्हणालं. गिरधरने वहीतलं पान फाडून नवीन यादी लिहायला घेतली. मी सीडी काढून पुसली, डबीत ठेवली आणि घरी निघालो. ती पट्टी तासाभरापासून गावात घरोघरी फिरत होती, आणि माझ्याही घरात टीव्ही आहे.

रविवार असला तरी आमच्या गल्लीत यंत्रमाग चालू होते, मागांची सुट्टी शुक्रवारी. निर्मला बंद टीव्हीसमोर चटईवर बसली होती. शेजारी माझं ताट झाकलेलं. ती उठून आत गेली नाही, हे मला वेगळं वाटलं.

"तो मंगळवार," ती म्हणाली. "तीनचा शो. तोच ना?"

"हाव."

"त्याच्यात ती बाई परत आली होती. डोईफोडियात बी पोरी सांगायच्या. अन् आज नाही आली."

"ती दुसऱ्या भागातली. माझ्या हातून चुकीचं रीळ लागलं होतं."

"चुकीनं?"

मला "बरं" म्हणून हात धुवायला जाता आलं असतं. पण ती माझ्याकडे बघत होती. आठ वर्षांत तिने असं सरळ बघितलं नव्हतं.

"लागलं चुकीनं," मी म्हणालो. "चालू मी ठेवलं."

"कायले?"

मग मी चौकटीला टेकून खाली बसलो आणि तिला सांगितलं. गाठी नव्हत्या ते सांगितलं, उखर्डू वर आला ते सांगितलं, मी बरं म्हणालो तेही सांगितलं. "समोर एक बाई दार उघडून म्हणाली, हात धुवा, जेवण थंड होतंय. ती पिक्चरमधली बाई आहे हे मला कळत होतं, निर्मला. मी काही येडा झालो नव्हतो. पण झडप पाडली असती तर ती गेली असती. माझा हात उठला नाही. अन् मशीन थांबवली असती तर मला दवाखान्यात यावं लागलं असतं, तिथं ती कशी आहे ते बघावं लागलं असतं. म्हणून मी रिळं लावत बसलो. तू पायरीवर आहे हे मला माहीत होतं. तरी आलो नाही. मी भ्यालो. याच्याहून मोठं कारण नाही माझ्याकडे."

बाहेर माग चालूच होते. मला वाटलं, झालं, आता संक्रांतीचीही वाट बघणार नाही ही.

"आजीनं मले पायरीवर बसवलं," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, चटईची काडी ओढत. "म्हणली, तुझा बाप येईन मंग वर जाऊ. मी वर पळाली का कोणी ना कोणी उचलून खाली आणे. सगळे डोक्यावर हात फिरवून जायचे. एकानं बिस्किटाचा पुडा दिला. मी विचारलं, आई उठली का? आजी म्हणली, झोपली. मी आजीले विचारलं होतं मागं, कायले नाही सांगितलं? म्हणली, पोरीले आई गेल्याचं बापानंच सांगावं. दुसऱ्यानं कोणी सांगू नये."

"हे मला माहीत नव्हतं."

"दोन बिस्किटं मी आईसाठी ठेवली होती. फ्रॉकच्या खिशात. अन् मंग तुम्ही आले."

मी मान खाली घातली.

"आठ वर्षं मी हेच म्हणत राहिली, नाना लवकर कायले नाही आले. सगळे तेच म्हणायचे, मी बी म्हणायची." तिने ताटावरचं झाकण उचललं, बघितलं आणि परत ठेवलं. "तुम्ही लवकर आले असते तर माझी आई लवकर मेली असती."

या वेळी माझ्या तोंडून 'बरं' हा शब्दसुद्धा निघाला नाही. ती ताट उचलून गॅसकडे गेली. मी मोरीत गेलो, नळ सोडला, हात पुढे धरले आणि तसाच खाली बसलो. कोकिळा गेल्यावर मी रडलो नव्हतो, ना तिच्या तेराव्याला, ना टॉकीज बंद पडली तेव्हा. त्या दुपारी नळ चालू ठेवून पोटभर रडलो.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर भांडं वाजेल म्हणून मी वाट बघत होतो. भांडं वाजलं नाही. तिने हाक मारली.